उपदेशक घडविणारी पाठशाळा

हुबळी-धारवाडच्या कडेला तारिहाळ म्हणून गाव आहे. आज त्याची ओळख औद्योगिक वसाहतीमुळे आहे. तेथे कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांखाली नाना जातींची आणि नाना धर्मांची माणसे एकाच यंत्रावर काम करतात. त्यांत कारवार-कुमठ्याकडून हुबळीत येऊन स्थिरावलेल्या घरांतील मुले असतात, लिंगायत मठांना मानणाऱ्या कुळांतील असतात, मुसलमान असतात आणि ज्यांच्या कुळात चार पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती धर्म आला असेही असतात. ह्या शेवटच्या मंडळींचा इतिहास आपल्या वाचकांस सहसा ठाऊक नसतो. वस्तुतः तो इतिहास आपल्याच समाजाच्या इतिहासात गुंतलेला आहे.

ह्या लेखात आम्ही त्यातील एकच धागा हाती घेणार आहोत. देवळात पूजा कोण करतो हे आपल्यापैकी प्रत्येकास माहीत असते. परंतु त्या पुजाऱ्यास, पुराणिकास किंवा कीर्तनकारास कोणी शिकविले, किती वर्षे शिकविले आणि शिकवून झाल्यावर त्याच्या संसाराची काळजी कोणी वाहिली, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ख्रिस्ती समाजाने हे प्रश्न फार पूर्वी स्वतःस विचारले आणि त्यांच्या उत्तरादाखल एक संस्था निर्माण केली. तिला ते सेमिनरी म्हणतात, म्हणजे धर्मोपदेशक घडविणारी पाठशाळा. तिने आपल्या समाजास एक खोल जखम दिली आणि आपल्या भाषांची मोठी सेवाही केली. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्यावाचून तिचा इतिहास पुरा होत नाही.

सारस्वत वाचकास सेमिनरी हा शब्द ऐकताच साष्टीतील रायतूरची आठवण व्हावी हे साहजिक आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली साष्टीची देवळे पाडण्यात आली. १५६७ हे साल त्या दृष्टीने काळे म्हटले पाहिजे. कुशस्थळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ह्या देवता रातोरात नदीपलीकडे नेण्यात आल्या आणि कित्येक कुळे दक्षिणेस कानडी मुलखात उतरली. आपल्या मंगळूर-कारवारकडील वस्तीचे मूळ बव्हंशी तेथेच आहे. त्याच साष्टीत, रायतूरच्या किल्ल्यात, सतराव्या शतकाच्या आरंभी जेझुइटांनी आपल्या विद्यालयाची भव्य इमारत उभारली.

परंतु ह्याच रायतुरात १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. १५७९ साली गोव्यात आलेल्या ह्या माणसाने आपल्या नवख्रिस्ती शिष्यांसाठी ख्रिस्ताची कथा मराठीत आणि ओवी छंदात लिहिली, कारण ह्या लोकांच्या कानांस पुराणाची गोडी आहे हे त्याने ओळखले होते. त्याने रचलेले कोंकणीचे व्याकरण त्याच्या निधनानंतर १६४० साली रायतुरासच छापून निघाले. ज्यांनी आपली देवळे मोडली त्यांच्याच पंथातील एकाने आपली भास व्याकरणात बसविली. मन अस्वस्थ करणारी अशी ही गोष्ट आहे, पण ती खरी आहे. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने त्याच कोंकणीच्या उच्चाटनाचा हुकूम काढला. उपदेशकास लोकांची भाषा हवी असते आणि राज्यकर्त्यास ती नकोशी होते, हा भेद येथे स्पष्ट दिसतो.

दुसरी पाठशाळा बंगालात निघाली. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड ह्या तिघांनी १८१८ साली श्रीरामपूर येथे महाविद्यालय स्थापिले. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते, म्हणून १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने ह्या विद्यालयास पदव्या देण्याचा अधिकार सनदेने दिला. ह्याच केरीने फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविली, वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली कोश प्रसिद्ध केला आणि पुढे श्रीरामपूरच्या छापखान्यातून कोंकणीतही नवा करार काढला. मात्र सनदेतील अधिकार बराच काळ नुसता कागदावर राहिला. धर्मशास्त्रातील पहिल्या पदव्या तेथे १९१५ साली दिल्या गेल्या, आणि १९१८ साली बंगालच्या कायदेमंडळाने खास कायदा करून ह्या संस्थेची व्यवस्था लावली. आज भारतातील पुष्कळशा प्रॉटेस्टंट सेमिनऱ्यांतील विद्यार्थ्यांस बी.डी. व एम.टीएच. ह्या पदव्या श्रीरामपूरच्या नावानेच मिळतात.

आता आपल्या मुलखाकडे वळू. स्वित्झर्लंडातील बासेल शहरी १८१५ साली एक मिशन निघाले, आणि त्याचा आरंभच मुळी सेमिनरीने झाला. दक्षिण जर्मनीतील शेतकऱ्यांची व कारागिरांची मुले तेथे निवडून घेत. कडक दिनचर्येत ठेवून त्यांस कित्येक वर्षे बायबल, ग्रीक, हिब्रू आणि इतर विद्या शिकवीत आणि मगच बाहेर धाडीत. हेबिख, लेनर आणि ग्राइनर हे तिघे १८३४ साली मंगळुरास आले. तेथून घाट चढून १८३७ साली धारवाडास आणि १८३९ साली हुबळीस त्यांची ठाणी पडली. तारिहाळच्या परिसराशी ह्या कथेचा संबंध येतो तो येथे.

हुबळीस आलेल्या ह्या मंडळींस ओसाड रान मिळाले नव्हते. मूरुसाविर मठासारखी जुनी धर्मपीठे गावात होती. पेशवाई बुडाल्यावर हा मुलूख मुंबई इलाख्यात गेला होता. कचेरीत मराठी चाले व घरोघर कानडी. मिशनऱ्यांनी कचेरीची भाषा सोडून घरची भाषा धरली. त्याच सुमारास कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी इंग्रजीतून उच्च शिक्षण देऊन उच्चवर्णीयांस वळविण्याचा मार्ग काढला होता. बासेलवाल्यांनी इंग्रजी शाळाही चालविल्या, पण आपले उपदेशक मात्र कानडीतून घडविले. मंगळुरास ह्या कामाचा प्रमुख होता हेर्मान मोग्लिंग. ट्युबिंगेनच्या विद्यापीठात धर्मशास्त्र शिकलेला हा तरुण १८३६ साली येथे आला. १८४३ च्या जुलैत त्याने ‘मंगळूर समाचार’ हे कानडीतील पहिले वृत्तपत्र काढले आणि १८४७ साली एतद्देशीय उपदेशकांची पाठशाळा रीतसर सुरू केली.

जखमेची कथा मात्र ह्याच्या तीन वर्षे आधीची आहे. मंगळुरात मिशनची इंग्रजी शाळा होती आणि तीत सारस्वतांची मुले जात, कारण कलेक्टर कचेरीतील नोकरी इंग्रजीवाचून मिळेनाशी झाली होती. धर्म घरी आणि विद्या मिशनात, अशी वाटणी आपण करू शकू, असे त्या वेळच्या वडीलधाऱ्यांस वाटले. त्याच शाळेत आनंदराव कौंडिण्य नावाचा एक बुद्धिमान सारस्वत मुलगा शिकत होता. १८४४ च्या जानेवारीत, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याच्याबरोबर आणखी दोन ब्राह्मण तरुणही गेले. गावात मोठा क्षोभ उसळला, पालकांनी शाळेतून मुले काढली, घरच्यांनी पाण्याचा संबंध तोडला. हेर्मान हे मोग्लिंगचे नाव त्याने आपल्या नावाआधी लावले आणि पुढे तो हेर्मान आनंदराव कौंडिण्य म्हणूनच ओळखला गेला.

त्याचा विवाह झालेला होता. पत्नी त्याच्यामागे ख्रिस्ती धर्मात गेली नाही. ती आपल्या माणसांत राहिली. मिशनच्या इतिहासांत आनंदरावांवर पृष्ठेच्या पृष्ठे आहेत, तिच्या वाट्यास फार तर एक ओळ येते. नवरा जिवंत असताना ती विधवेसारखी झाली, आणि त्या काळच्या आपल्या रूढीत तिला दुसरा मार्ग नव्हता. आनंदरावांनी १८६० साली एका जर्मन स्त्रीशी विवाह केला. अशा मोडलेल्या संसारांचा प्रश्न देशभर इतका वाढला की १८६६ साली सरकारने धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा स्वतंत्र कायदा केला. धर्मांतराच्या वादात आपण नेहमी त्या तरुणाचा विचार करतो. मिशनने तो विजय म्हणून केला व समाजाने विश्वासघात म्हणून. ज्या मुलीने काहीही केले नव्हते तिचा हिशोब दोघांनीही केला नाही. आमच्या मते ह्या कथेतील सर्वांत जड भाग हाच होय.

मोग्लिंग आनंदरावांस घेऊन युरोपात गेला. बासेलच्या सेमिनरीत आनंदराव १८४६ पासून १८५१ पर्यंत होते. मंगळूरचा एक सारस्वत तरुण जर्मन मुलांच्या पंक्तीस बसून ग्रीक-हिब्रू शिकतो, दीक्षा घेतो आणि गोऱ्या मिशनऱ्यांच्या बरोबरीचा मिशनरी म्हणून परत येतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अपूर्वच होती. परत आल्यावर ते मंगळूरच्या पाठशाळेत शिक्षक झाले. जी विद्या परदेशात घेतली ती कानडीत उतरवून पुढच्या पिढीस देणे हे त्यांचे काम ठरले. कोडगूत मोग्लिंगने वसविलेल्या ख्रिस्ती वसाहतीस त्यांच्याच नावावरून आनंदपूर म्हणतात. तेथे वसविलेली माणसे बहुतेक होलेय जातीची होती. उच्चकुलीन कौंडिण्याचे नाव अस्पृश्यांच्या गावास लागले, ह्या योगायोगावर आपण पुरेसा विचार केलेला नाही. आनंदराव १८९३ साली निवर्तले.

जो जातीबाहेर गेला त्याचा धंदाही गेला, ही अडचण मिशनपुढे लवकरच उभी राहिली. शेतमालक शेत देईना, बलुत्यात वाटा राहीना. मग मिशनने मागांची शाळा काढली, छापखाना तर १८४१ सालापासून होताच, आणि १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना निघाला. ज्या मंगळुरी कौलांखाली आपली किती तरी देवळे आणि घरे उभी आहेत, त्या कौलांचा आरंभ अशा रीतीने एका सेमिनरीच्या अडचणीतून झाला. पाठशाळेत उपदेशक तयार व्हावा, कारखान्यात त्याच्या मंडळीतील कुटुंबांस भाकरी मिळावी, अशी ती जोडव्यवस्था होती. तारिहाळच्या वसाहतीत आज जी माणसे जातीचा विचार न करता एका छपराखाली राबतात, त्यांच्या पुष्कळ आधी ह्या भागातील काही माणसे धर्म बदलल्यामुळे कारखान्याच्या आश्रयास गेली होती.

आता ह्या पाठशाळेच्या दुसऱ्या अंगाकडे पाहू. जो दुसऱ्यास उपदेश करणार त्याने आधी त्याचे वाङ्मय जाणले पाहिजे, अशी ह्या मंडळींची धारणा होती. म्हणून मोग्लिंगने १८४८ पासून ‘बिब्लिओथेका कर्नाटिका’ ह्या मालेत जुने कानडी ग्रंथ शिळाछापावर काढण्यास आरंभ केला. जैमिनी भारत, तोरवे रामायण, बसवपुराण ह्यांच्या बरोबरीने हरिदासांची पदेही त्याने गोळा करून छापली. आपल्या देवळांत शनिवारच्या भजनात जी पुरंदरदासांची पदे म्हटली जातात, ती तोवर मुखोद्गत किंवा हस्तलिखित वहीत राहत. त्यांस छापील पुस्तकाचे रूप प्रथम देणाऱ्यांत हा ख्रिस्ती उपदेशक होता. त्याच्यामागून फेर्डिनांड किट्टेल १८५३ साली आले आणि धारवाडात कानडी शिकले. त्यांनी १८६२ साली ख्रिस्ताची कथा षट्पदी छंदात ‘कथामाले’ ह्या नावाने लिहिली, केशिराजाचे ‘शब्दमणिदर्पण’ शोधून छापले आणि १८९४ साली कानडी-इंग्रजी कोश पुरा केला. धारवाडातील महाविद्यालयास आज त्यांचे नाव आहे. स्टीफन्सची ओवी आणि किट्टेलची षट्पदी ह्यांत अडीचशे वर्षांचे अंतर आहे, पण रीत एकच. पुढे महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक अहमदनगरच्या सेमिनरीत शिकवू लागले आणि ख्रिस्तभक्तीसाठी त्यांनी अभंगाची वाट धरली, ती ह्याच परंपरेची होय. टिळकांत मात्र एक फरक होता. पूर्वीच्या दोघांनी आपला छंद शिकून घेतला होता. टिळकांस तो मातेच्या दुधाबरोबर मिळाला होता.

आपल्या समाजाने ह्या सर्वास काय उत्तर दिले? पहिल्या पिढीने बहिष्काराचे उत्तर दिले आणि ते फारसे उपयोगी पडले नाही. दुसऱ्या पिढीने अधिक विचार केला. उल्लाळ रघुनाथय्यांनी १८७० साली मंगळुरात ब्राह्मसमाज स्थापिला. कुद्मुल रंगरावांनी १८९२ साली अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढली आणि त्यासाठी स्वजातीयांचा छळ सोसला. अम्मेंबळ सुब्बराव पै यांनी १८९१ साली कॅनरा हायस्कूल, १८९४ साली मुलींची शाळा आणि १९०६ साली आज कॅनरा बँक म्हणून प्रसिद्ध असलेला निधी उभारला. आपल्या मुलास शिकण्यासाठी आपल्या अंगणाबाहेर जावे लागू नये, ही जाणीव ह्या कार्यांमागे होती. कौंडिण्य प्रकरणाची धग तोवर विझली असली तरी त्याचा धडा विसरला गेला नव्हता.

तथापि एक जागा रिकामी राहिली. आपण शाळा काढल्या, बँक काढली, वसतिगृहे बांधली. परंतु धर्म शिकविणाऱ्यांस शिकविण्याची व्यवस्था आहे तेथेच राहिली. आपले मठ वटूस लहानपणी घेऊन गुरूच्या सान्निध्यात वाढवितात, आणि ती परंपरा आदरणीय आहे. वेदपाठशाळा स्वर-वर्ण न चुकविता संहिता मुखोद्गत करवितात. ह्या बाबतीत जगातील कोणतीही सेमिनरी त्यांच्या पासंगास पुरणार नाही. पण गावोगावच्या देवळांत जो भट पूजा करतो त्यास, एखाद्या दुःखी घरी जाऊन काय बोलावे, शाळकरी मुलाने मूर्तिपूजेचा अर्थ विचारला तर कोणत्या भाषेत सांगावा, देवस्थानच्या मंडळातील भांडण कसे मिटवावे, हे कोण शिकवितो? तो हे बापाकडे पाहून शिकतो. बाप शहाणा असला तर मुलगा शहाणा होतो. नसला तर देवळाचे जे व्हायचे ते होते.

सेमिनरीत ह्याच गोष्टी विषय म्हणून शिकविल्या जातात. आजच्या बी.डी.च्या अभ्यासात बायबल व त्याच्या मूळ भाषा असतात, चर्चचा इतिहास असतो, आणि हिंदू धर्मासह भारतातील धर्मांचा अभ्यासही असतो. त्याखेरीज मुलांस व प्रौढांस धर्म कसा शिकवावा हे ख्रिस्ती शिक्षणशास्त्र, आणि मंडळीची सेवा व नेतृत्व कसे करावे हे पाळकाचे शास्त्र, असे स्वतंत्र विषय असून त्यांत पुढे उच्च पदव्याही घेता येतात. पुस्तकी विद्येबरोबर विद्यार्थ्यास एखाद्या मंडळीत प्रत्यक्ष कामास लावतात. पदवीने भक्ती येत नाही हे ख्रिस्ती लोकही जाणतात. पण भक्ती आहे म्हणून तयारी नको, असे ते मानत नाहीत.

ह्या तयारीची कसोटी १९१४ साली लागली. महायुद्ध सुरू होताच बासेल मिशनचे जर्मन मिशनरी शत्रुराष्ट्राचे म्हणून अटकेत पडले व पुढे मायदेशी धाडले गेले. मिशनचे कारखाने परक्या हाती गेले. ऐंशी वर्षांचे काम कोसळावे असा तो प्रसंग होता. पण मंडळ्यांचा भार मंगळूरच्या पाठशाळेत शिकलेल्या एतद्देशीय पाळकांनी व शिक्षकांनी उचलला. साहेब गेला आणि मंडळी राहिली. १९४७ साली दक्षिण भारताचे संयुक्त चर्च स्थापन झाले; त्याच्या उत्तर कर्नाटकातील धर्मप्रांताचे मुख्य ठाणे आज धारवाडास आहे. १९६५ साली मंगळूरची जुनी पाठशाळा आणि तुमकूरची सेमिनरी एकत्र येऊन बलमठाच्या टेकडीवर कर्नाटक थिऑलॉजिकल कॉलेज उभे राहिले. मराठी मुलखात १९५३ साली यवतमाळ येथे निघालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्यास आली.

हा इतिहास आम्ही मिशनची स्तुती करण्यासाठी लिहिलेला नाही. मंगळूरच्या त्या घरात मागे राहिलेल्या मुलीस विसरून कोणी ही स्तुती करील तर ती अपुरी ठरेल. तसेच रायतूर आणि मंगळूर ह्यांच्या नावाने केवळ बोटे मोडण्यातही अर्थ नाही. आनंदराव गेला तो वादात हरून गेला असे म्हणण्यापेक्षा, त्याच्या शंकांस बसून उत्तर देणारा कोणी त्यास आपल्यात भेटला नाही, असे म्हणणे आम्हांस अधिक योग्य वाटते. मोग्लिंग त्याच्याशी बोलला, कारण बोलण्यासाठीच त्यास तयार करण्यात आले होते.

आज आपल्या देवळांचे जीर्णोद्धार होत आहेत. गर्भगृहास चांदीचे द्वार बसते, शिखरावर सुवर्णकलश चढतो, नव्या मंडपास लाखो रुपये लागतात आणि ते जमतातही. त्या रकमेचा एक अंश बाजूस काढून, देवळातील तरुण भटास दोन-चार वर्षे संस्कृत, आपली मराठी-कोंकणी, इतिहास आणि माणसांशी बोलण्याची विद्या शिकविता येईल, आणि तेवढ्या काळात त्याच्या घरची चूल पेटती ठेवता येईल. पुढच्या वार्षिक सभेत जमाखर्चाचे पत्रक वाचले जाईल तेव्हा त्यात असे एखादे कलम आहे काय, हे वाचकांनी एकदा पाहावे, आणि नसल्यास उठून विचारावे.